शवोपजीवी कवके (पनवेल परिसर)

गळालेला पाला, वाळलेले लाकूड, भाताचा पेंढा, शेण अशा मृत सेंद्रिय द्रव्यावर जगणाऱ्या आणि जगता जगता त्या द्रव्याचे विघटन करणाऱ्या कवकांना शवोपजीवी कवके म्हणतात. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, विशेषतः कर्नाळा, प्रबळगड आणि माथेरानच्या पायथ्याच्या पानझडी जंगलांत, जमिनीची सुपीकता बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. कवकांत हरितद्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत. अन्न गिळून आत पचवण्याऐवजी ती आपल्या सूक्ष्म तंतूंमधून एंझाइमे, म्हणजे रासायनिक क्रियांना गती देणारी प्रथिने, बाहेर सोडतात आणि शरीराबाहेरच विरघळलेले अन्न शोषून घेतात. या तंतूंचे जाळे, म्हणजेच कवकजाल, हे कवकाचे खरे शरीर होय. ओंडक्यावर पावसाळ्यात उगवणारी छत्री हा केवळ बीजुके (प्रजननाचे सूक्ष्म कण) निर्माण करणारा अवयव असून, ती दिसू लागते तेव्हा आतल्या लाकडाचे विघटन बरेच पुढे गेलेले असते.

या परिसरातील विघटनाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. वर्षभरात पडणारा अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. साग, ऐन, किंजळ यांची पाने मात्र हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत गळत असल्यामुळे पाचोळ्याचा थर कोरडाच पडून राहतो आणि ओलाव्याअभावी कवकांची वाढ थांबलेली असते. पहिल्या सरींनंतर म्यूकरसारखी झपाट्याने वाढणारी कवके पानांतील साध्या शर्करा संपवतात, त्यांच्यामागून सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तीतील तंतुमय द्रव्य) पचवणारी येतात, आणि सर्वांत चिवट भाग शेवटी छत्रीधारी कवकांच्या वाट्याला येतो. शिझोफायलम कम्यून ही पंख्याच्या आकाराची राखाडी-पांढरी जाती या हवामानाला चांगलीच सरावलेली आहे. उन्हाळ्यात ती आपले पडदे मिटून सुकून राहते आणि पाऊस पडताच ते पुन्हा उघडून बीजुके सोडू लागते.

लाकडाचे विघटन कठीण होते ते लिग्निनमुळे. लिग्निन हे सेल्युलोजच्या तंतूंना बांधून ठेवणारे, अनियमित रचनेचे बहुवारिक (अनेक लहान रेणू जोडून बनलेला मोठा रेणू) असून बहुतेक जीवांना ते पचवता येत नाही. त्याचे पूर्ण विघटन करण्यात श्वेतकूज घडवणारी कवके सर्वांत पुढे आहेत. त्यांनी लिग्निन काढून घेतल्यावर उरलेले लाकूड पांढुरके, तंतुमय आणि दाबले असता स्पंजासारखे लागते. ट्रॅमेटीस आणि गॅनोडर्मा या प्रजाती याच गटातील होत. लिग्निन फोडणारे पेरॉक्सिडेज एंझाइम 1983 मध्ये फॅनेरोकीट क्रिसोस्पोरियम या कवकात सापडले, तेव्हा या प्रक्रियेचा रासायनिक उलगडा होऊ लागला. तपकिरी कूज घडवणारी कवके सेल्युलोज खातात, पण लिग्निनमध्ये थोडाच बदल करून ते मागे ठेवतात, म्हणून त्यांनी पोखरलेले लाकूड चौकोनी भेगा पडून तुटते. सागाच्या गाभ्यात कवकविरोधी द्रव्ये असल्यामुळे तो सहसा कुजत नाही. त्याच्या बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र हे संरक्षण नसते.

जिवंत झाडातही गाभ्याचे लाकूड मृतच असते, आणि तेथे शिरलेली कवके खोड पोकळ करतात. वनशेतीच्या हिशेबात हे नुकसान धरले जाते, पण कर्नाळ्यासारख्या पक्षी अभयारण्यात तो हिशेब अपुरा पडतो. सुतार आणि तांबट पक्षी कवकांनी मऊ केलेल्या लाकडात ढोली कोरतात. पोपट, पिंगळे आणि धनेश यांना तर तयार ढोलीच लागते. वठलेली झाडे ‘सफाई’ म्हणून तोडली की घरट्यांची जागाही जाते.

लाकडात कर्बाच्या मानाने नायट्रोजन अत्यल्प, बहुधा काहीशे भागांना एक इतकाच असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी कवकतंतू मातीतला नायट्रोजन कुजत्या काडीपर्यंत वाहून आणतात आणि स्वतःच्या शरीरात साठवतात. कोकणातल्या पावसात मातीतील विद्राव्य पोषकद्रव्ये झपाट्याने वाहून जातात. त्यामुळे ऐन पावसात ती धरून ठेवणारे आणि तंतू मेल्यावर थोडी थोडी सोडणारे कवकजाल ही येथील मातीची मोठीच गरज ठरते. वणवा याच्या नेमके उलट करतो, कारण आगीत पाल्यातील बराचसा नायट्रोजन हवेत जातो, तर पोटॅश, चुना आणि स्फुरद राखेत उरतात. भातशेतीतील राब भाजण्याच्या जुन्या पद्धतीतही हीच देवघेव दिसते. ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, शेण आणि गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पावसाआधी जाळले जाते. त्याने तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतली खनिजे रोपांना लगेच मिळतात. उन्हाळ्यात सुप्त असलेल्या कवकांकडून हे काम वेळेत होणे शक्य नाही. म्हणून राबाला निव्वळ अडाणीपणा म्हणणे योग्य नव्हे, पण त्यासाठी लागणारा पाला जंगलाच्या कुजकट थरातून वजा होतो, हेही तितकेच खरे आहे. मुंबई सरकारने 1885 मध्ये नेमलेल्या वन आयोगापुढे ठाणे-कुलाबा भागातील राबाच्या हक्कांचा प्रश्न आला होता, तो मूलतः याच पाल्याच्या मालकीचा होता.

टर्मिटोमायसीस या प्रजातीची कवके वाळवीच्या सहवासात राहतात. वाळवी अर्धवट पचलेला पाला-काटक्या वारुळात रचून त्यावर कवक वाढवते, कवक त्यातील लिग्निन-सेल्युलोज फोडते, आणि त्यावर वाळवीचे पोषण होते. पावसाळ्यात वारुळाच्या जागी उगवणारी या कवकांची छत्री म्हणजे खाद्य अळंबी. ठाकूर आणि कातकरी कुटुंबे ती वेचून बाजारात विकतात. तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी जाती असल्यामुळे ती ओळखण्याचे काम जाणकारांचेच असते.

पनवेल खाडीच्या कडेने तिवरांची पाने आणि फांद्या खाऱ्या चिखलात पडतात. तेथे भरती-ओहोटीला तोंड देणारी वेगळी कवके हेच काम करतात. त्यांपैकी अनेकांच्या बीजुकांना सूक्ष्म, चिकट उपांगे असल्यामुळे ती वाहत्या पाण्यातही लाकडाला धरून राहतात. कवकांनी व्यापलेल्या पानांत प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि ती पाने खेकडे व इतर लहान जलचर अधिक आवडीने खातात. गाढी नदीला मिळणाऱ्या डोंगरओढ्यांसारख्या गोड्या पाण्यात हे काम जलीय कवके करतात. त्यांची चार टोकांची बीजुके ओढ्याच्या फेसात अडकतात, आणि तो फेस सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही त्यांच्या अभ्यासाची रूढ पद्धत आहे.