शरीराच्या हालचालीवर चालणारे संवेदक

मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी घड्याळे आपल्या परिचयाची आहेत. त्वचेवर चिकटवता येणाऱ्या लवचीक संवेदकांसाठी शास्त्रज्ञ याच मार्गाने वीज मिळवू पाहत आहेत. नाडी, श्वास वा सांध्यांची हालचाल टिपणारी पट्टी कितीही पातळ केली, तरी बॅटरीमुळे ती जाड होते आणि वरचेवर चार्ज करावी लागते.

काही स्फटिकांवर दाब दिल्यास वीज निर्माण होते, हे पिएर व जॅक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच तत्त्वावर अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेचे झाँग लिन वांग यांनी २००६ मध्ये झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा वाकवून वीज मिळवली. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने घर्षणविद्युतेवर चालणारे जनित्र सादर केले. केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तो याच विजेमुळे.

मात्र अशी वीज अत्यल्प आणि खंडित असते. ती साठवावी लागते. घामाने घर्षणविद्युत क्षीण होते. नाडीच्या ठोक्याने निर्माण झालेला विद्युतदाब हीच त्या ठोक्याची नोंद ठरू शकते. परंतु ती डॉक्टरांपर्यंत बिनतारी पोहोचवण्यास अधिक वीज लागते.

खरी कसोटी पुढेच आहे. ज्याच्यावर सतत लक्ष ठेवण्याची गरज सर्वाधिक, त्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हालचाल सर्वांत कमी असते. त्याच्या केवळ श्वासावर आणि नाडीवर हे उपकरण चालले पाहिजे.