शब्दवेध : कॅथेड्रल

मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. या शब्दाचा आकाराशी काहीही संबंध नाही. त्याचा संबंध आहे एका खुर्चीशी. ग्रीकमध्ये ‘काथेद्रा’ म्हणजे बसायची जागा. त्यातला ‘हेद्रा’ आणि आपला ‘सद्’ धातू एकाच मुळाचे. सदन, संसद, उपनिषद ही सगळी त्याच गोतावळ्यातली. बिशपचं आसन जिथे, ते कॅथेड्रल.

मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ साली उपासनेसाठी खुलं झालं, पण शतकभराहून अधिक काळ ते निव्वळ चर्चच होतं. १८३७ साली मुंबईला पहिले अँग्लिकन बिशप, थॉमस कार, मिळाले आणि मगच ते कॅथेड्रल झालं. (चर्चगेटमधलं ‘चर्च’ हेच, त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर गेला.)

जीर्णोद्धारानंतर २००४ साली या वास्तूला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी रास्त होता. आत गेलात की भिंतींवरची संगमरवरी स्मारकं सावकाश वाचाच. पण वेदीकडे जाताना बिशपचं लाकडी आसन चुकवू नका. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली इथे आले होते, पण या वास्तूला नाव दिलं ते राजाच्या नव्हे, बिशपच्या आसनाने.

जुन्या गोव्यातलं ‘से’ कॅथेड्रल कॅथलिक पंथाचं. तिथला पोर्तुगीज ‘से’ लॅटिन ‘सेदेस’वरून आला. त्याचाही अर्थ आसनच, आणि मूळही तेच.