चित्र स्पष्ट झालं की कळवते

११ मे २०२२, सकाळी ६ वाजून १३ मिनिटं

अल जझीरा या वृत्तवाहिनीच्या रामल्लाच्या कचेरीत एक ई-मेल येऊन पडतो. इस्रायली फौज जेनिनमध्ये शिरली आहे, जबरियात वस्तीत एका घराला वेढा घातला आहे, मी तिकडेच निघाले आहे, चित्र स्पष्ट झालं की बातमी देते. मजकूर एवढाच. पाठवणारी शिरीन अबू अक्ले, वय ५१.

वार्ताहराच्या आयुष्यातला हा अगदी रोजचा निरोप. अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही म्हणून सांगत नाही, जाऊन बघते, मग सांगते. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती.

आता तिच्या हाताशी साधारण सतरा मिनिटं उरली आहेत.

२५ वर्षं आधी

शिरीन जेरुसलेमची. जन्म १९७१चा, घराणं मूळचं बेथलेहेमचं, धर्माने ख्रिस्ती. शिकायला जॉर्डनला गेली. आधी आर्किटेक्चर घेतलं, मग ते सोडून पत्रकारितेकडे वळली. परतल्यावर थोडी वर्षं रेडिओवर काम केलं आणि १९९७ मध्ये अल जझीरात आली. वाहिनीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

२००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे फिलिस्तिनींचा उठाव, सुरू झाला. संचारबंदी लागली की दिवसचे दिवस दार उघडायची चोरी. घरात पीठ किती उरलंय, पोराचं औषध कुठून आणायचं, नवरा कामावरून परत येताना तपासनाक्यावर अडकला तर काय, या सगळ्याचा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात. पलीकडच्या गावात काय झालं, रस्ता उघडा आहे की नाही, हे मात्र टीव्हीवरून कळायचं. सांगायला बहुतेक वेळा शिरीनच असायची. आवाज कधी चढायचा नाही. शेवटी स्वतःचं नाव, वाहिनीचं नाव आणि गावाचं नाव. फिलिस्तीनमधल्या किती तरी मुली आरशासमोर केसांचा ब्रश माइकसारखा धरून तिची ती शेवटची ओळ म्हणत मोठ्या झाल्या. तिला आडनावाने कोणी ओळखत नसे. घराघरात ती नुसती शिरीन होती, म्हणून मीही तसंच लिहितो आहे.

२० वर्षं आधी

एप्रिल २००२. वेस्ट बँकेतल्या जेनिन शहराची निर्वासित छावणी ही अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान जागा. १९४८ मध्ये हैफा आणि आसपासच्या गावांतून हुसकावलेल्यांची नातवंडं तिथे राहत होती. त्या महिन्यात तिथे लढाई झाली. किमान ५२ फिलिस्तिनी आणि २३ इस्रायली सैनिक मारले गेले, छावणीचा मधला भाग बुलडोझरने सपाट केला आणि हजारो माणसं उघड्यावर आली. ढिगाऱ्यात उभं राहून ती बातमी देणाऱ्यांत शिरीन होती.

एकदा बातमी देऊन झाली की वार्ताहर पुढच्या गावाला जातो. शिरीन मात्र जेनिनला परत परत येत राहिली. हे गाव आपल्यासाठी येऊन गेलेली एखादी बातमी नाही, ते आपल्याला उभारी देतं, असं तिने २०२१ मध्ये लिहिलं. ज्यांचं घर पाडलं त्यांनी ते पुन्हा बांधलं, आणि ते ती दर फेरीला पाहत होती.

११ महिने आधी

जून २०२१, पूर्व जेरुसलेममधला शेख जर्राह भाग. घरांतून बाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार असलेल्या कुटुंबांसाठी तिथे धरणं चालू होतं. शिरीनची सहकारी गिवारा बुदैरी अंगावर ‘प्रेस’ लिहिलेलं जाकीट घालून ती बातमी करत होती. पोलिसांनी तिला ओढत नेलं. ती सुटली तेव्हा हाताचं हाड मोडलेलं होतं.

ही गोष्ट इथे मुद्दाम सांगितली. जाकिटावरची ती अक्षरं कितपत राखण करतात, हे शिरीनला ठाऊक होतं. तरीही ती ते जाकीट घालायची, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

७ आठवडे आधी

२०२२च्या मार्चअखेरीपासून इस्रायलच्या शहरांत एकामागून एक प्राणघातक हल्ले झाले. काही हल्लेखोर जेनिन भागातले निघाले. मग जेनिनवर धाडींचं सत्र सुरू झालं, बहुधा पहाटे. अशा पहाटे गाडीचा आवाज आला की छावणीतल्या आया आधी मुलगे अंथरुणात आहेत का ते बघायच्या.

साडेसहाच्या अलीकडे

छावणीच्या कडेला पत्रकार जमले आहेत. निर्माता अली अस-समूदी हा जेनिनचाच. कॅमेऱ्यावर मज्दी बन्नूरा. आणि शथा हनायशा ही तरुण वार्ताहर, शिरीनला टीव्हीवर बघत वाढलेल्या पिढीतली. आज ती शिरीनच्या शेजारी उभी आहे.

सगळ्यांच्या अंगावर निळी चिलखती जाकिटं, डोक्यावर हेल्मेट. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, साधारण दोनशे मीटरवर, लष्कराच्या गाड्या उभ्या आहेत. पत्रकार मुद्दाम उघड्यावर थांबतात. सैनिकांना आपण दिसलो पाहिजे, हे पत्रकार आहेत हे कळलं पाहिजे. मग सावकाश पावलं टाकत निघतात. लपून जाणारा संशयित ठरतो, म्हणून दिसत दिसत जायचं, असा तिथला शिरस्ता.

६:३०

पहिल्या गोळ्या. अलीला खांद्याच्या मागे लागते. अलीला लागलं, असं शिरीन ओरडते. तिचं शेवटचं वाक्यही दुसऱ्याबद्दलची बातमीच होतं.

रस्त्याच्या कडेला भिंत, भिंतीला लागून एक झाड. शथा झाडाआड दबून बसते. शिरीन दोन पावलांवर पालथी पडली आहे. हेल्मेट आणि जाकीट यांच्या मध्ये बोटभर जागा उघडी राहते, गोळी तिथून डोक्यात शिरली आहे. शथा हात लांब करते, गोळी येते, हात मागे घेते. पुन्हा लांब करते. हे चित्रणात दिसतं, आणि मी ते एकदाच बघू शकलो. छावणीतला एक निःशस्त्र तरुण भिंतीवरून उडी मारून येतो. तो वाकून शिरीनला उचलायला गेला की पुन्हा गोळ्या येतात. आधी तो शथाला तिथून हलवतो, मग शिरीनला उचलतो.

झाडाच्या बुंध्यावर गोळ्यांच्या खुणा माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीला आहेत.

सव्वासात

इब्न सिना रुग्णालयात डॉक्टर तिला मृत घोषित करतात.

दिवसभरात

इस्रायलचे पंतप्रधान नफ्ताली बेनेट सांगतात की गोळी बहुधा सशस्त्र फिलिस्तिनींची असावी. पुराव्यादाखल एका गल्लीत बंदूक चालवणाऱ्या माणसाची चित्रफीत पुढे केली जाते. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संघटनेचा कार्यकर्ता त्याच दिवशी त्या गल्लीत जाऊन उभा राहतो आणि तिथून शिरीन पडली ती जागा दिसतच नाही, हे चित्रित करून दाखवतो.

आणि शथा बोलते. अंगावर अजून तेच जाकीट आहे. कुठे उभे होतो, किती थांबलो, गोळ्या कोणत्या बाजूने आल्या, हे ती क्रमाने सांगते. त्या रस्त्यावर आमच्याजवळ कोणीही सशस्त्र नव्हतं, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत राहिली. चित्र स्पष्ट झालं की कळवते, हे शिरीनचं राहिलेलं काम तिच्या शेजारी मरता मरता वाचलेल्या मुलीने त्याच दिवशी पूर्ण केलं.

जगाला तिथवर यायला महिने लागले. २४ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने गोळ्या इस्रायली सैन्याकडून आल्याचं म्हटलं. ५ सप्टेंबरला खुद्द लष्कराने आपल्या सैनिकाची गोळी चुकून लागल्याची दाट शक्यता मान्य केली, आणि फौजदारी चौकशी होणार नाही हेही सांगितलं. शिरीनची भाची लिना शिरीनच्या मृत्यूपासून दारोदार एकच मागणी घेऊन फिरते आहे, की जबाबदार कोण ते ठरवा.

१३ मे, शुक्रवार

जेनिन, नाब्लुस, रामल्ला असा प्रवास करून शिरीन घरी, जेरुसलेमला आली होती. ज्या शेख जर्राहमध्ये गिवाराचा हात मोडला, तिथल्याच सेंट जोसेफ रुग्णालयातून शवपेटी निघायची होती. लोकांना ती खांद्यावरून न्यायची होती. आवारात पोलीस लाठ्या घेऊन घुसले. पेटी धरलेल्यांच्या पाठीवर, हातांवर लाठ्या पडू लागल्या. एक बाजू खचली, पेटी तिरकी होऊन जमिनीकडे झुकली. मार खाणाऱ्यांनी हात सोडले नाहीत, आणि ती पुन्हा सावरली गेली.

जुन्या शहरातल्या चर्चच्या घंटा वाजत होत्या. प्रार्थना झाली आणि हजारो माणसं सियोनच्या टेकडीपर्यंत चालत गेली. तिथे आई-वडिलांच्या शेजारी शिरीनला पुरलं.