बेने इस्राएलांचे मराठी दप्तर

जयलक्ष्मीपुरमहून श्रीरंगपट्टण तासाभराच्या आत गाठता येते. टिपू सुलतानाच्या या राजधानीतील बंदिखाने पाहायला दूरदूरचे लोक येतात. म्हैसूरच्या त्या काळच्या कैदेशी कोकणातील एका लहानशा मराठी समाजाच्या इतिहासाचा धागा जोडलेला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हा समाज बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी भाषक यहुद्यांचा. अलिबागच्या आसपासच्या गावांत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शब्बाथचा दिवस म्हणून ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यामुळे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमचे केहिमकर, दिवे गावचे दिवेकर अशी त्यांची आडनावे हीच त्यांची पहिली नोंदवही होय.

या समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या पलटणीत होते. १७८० ते १७८४ च्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. सुखरूप परतलो तर देवासाठी मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला आणि टिपूच्या मातोश्रींच्या रदबदलीने त्यांची सुटका झाली, असे समाजाची परंपरा सांगते. कथा परंपरेची, पण १७९६ साली मुंबईत उभे राहिलेले ‘शाआर हारहामीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे शहरातील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर इतिहासात नोंदलेले आहे. मस्जिद बंदर या स्थानकाच्या नावाचा संबंधही याच मंदिराशी जोडला जातो.

पुढे या समाजाने आपला धर्म मराठीत लिहून ठेवला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ च्या पुण्याच्या सचित्र आवृत्तीत तर लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. यहुदी सण आणि मराठी घर ही दोन्ही त्या एका पानावर एकत्र नांदतात.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच आजची सर एली कदूरी शाळा. १८९७ साली त्यांनी समाजाचा इतिहासही लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर लेखक हयात नव्हते. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी जपले, म्हणून आज तो ग्रंथ वाचावयास मिळतो.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांच्या मूळ शाळेत आता प्रामुख्याने इतर समाजांची मुले शिकतात. माणसे पांगली, तरी ग्रंथ व नोंदी उरल्या आणि त्यांतून समाजाची ओळख उरली.

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १९४७ साली इतिहासकार जेकब मार्कस यांनी यहुदी अभिलेखागार स्थापन केले. अशा संस्थांत सभांची इतिवृत्ते आणि घरगुती पत्रेही मोलाची ठरतात, कारण जपलेला साधा कागदच पुढे पुरावा होतो. मातृभूमीपासून दूर मराठी जपणाऱ्या शाळेलाही हे लागू पडते. तिचे जुने हजेरीपट, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे, वर्गाची छायाचित्रे माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी पडून असतील. हीरक महोत्सवात ती शाळेच्या कपाटात नीट लावली गेली, तर शताब्दीचा इतिहास लिहिणाऱ्याला केवळ आठवणींवर विसंबावे लागणार नाही.