उघड्या तोंडाचीं दोन मुलें

१८६८ साल म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष जपानकडे जातें, कारण तेथील मोठ्या राज्यक्रांतीचें तें वर्ष. मला मात्र आज त्याच वर्षांतील दोन लहान गोष्टींविषयीं आपणांशीं बोलावयाचें आहे. त्या वर्षीं कोपनहेगन शहरांतील एका डॉक्टरनें मुलांच्या नाकामागें वाढणाऱ्या मांसल गांठींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं लंडनजवळ दुसऱ्या एका डॉक्टरनें बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांसाठीं स्वतःचें निवासगृह उघडलें. एकाचा प्रांत नाककानघशाचा, दुसऱ्याचा बुद्धीचा. परंतु दोघांपुढें येणाऱ्या कित्येक मुलांचीं तोंडें सारखींच उघडीं असत, दोघांच्याही मुलांना ऐकूं कमी येई, आणि तीं वर्गांत मागें पडत. ह्या दोन निरीक्षणांची वैद्यकाच्या नित्य व्यवहारांत गांठ पडावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. एवढा विलंब कां लागला, हें पाहण्यासारखें आहे.

मी वैद्य नव्हे, हें आरंभींच सांगून टाकतों. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि चौतीस वर्षें खडू झिजविला, एवढीच माझी विद्या. पण उघड्या तोंडाचें मूल माझ्या चांगल्या परिचयाचें आहे. दर वर्षीं मागच्या बाकावर एखादें तरी असे. दुपारच्या तासाला पेंगणारें, हांक मारली तर दुसऱ्या हांकेला पाहणारें. अशा एका मुलाला 'कुंभकर्ण' म्हणून मीं सबंध वर्गाला हंसविलें आहे. तो रात्रीं झोपतो कसा, हें त्याच्या वडिलांना एकदांही विचारलें नाहीं.

घशाच्या दोहों बाजूंस दिसतात त्या गांठींना आपण टॉन्सिल म्हणतों. नाकाच्या मागें, पडजिभेच्या वरच्या अंगाला, आरशांत न दिसणारी जी तसलीच गांठ असते ती अॅडिनॉइड. पहिलीची ओळख फार जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुतानें 'तुंडिकेरी' ह्या नांवानें एक विकार टाळूच्या रोगांत गणला असून त्यावर शस्त्र चालविण्यास सांगितलें आहे. रोममध्यें पहिल्या शतकांत सेल्ससनें लिहून ठेविलें कीं, सुजून कठीण झालेली गांठ बोटानें सभोंवार मोकळी करून उपटून काढावी, न निघाल्यास आंकड्यानें धरून सुरीनें कापावी. एकोणिसाव्या शतकांत फिलाडेल्फियाच्या फिजिक नांवाच्या शस्त्रवैद्यानें ह्या कामासाठीं हत्यार घडविलें. पुढें त्याच जातीच्या हत्यारांना गिलोटीन म्हणूं लागले, आणि त्या नांवांत अतिशयोक्ति फारशी नव्हती. दुसरी गांठ मात्र डोळ्यांआड असल्यामुळें अठराशें वर्षें निवांत राहिली.

ती सांपडली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयरला. त्याच्याकडे वीस वर्षांची एक मुलगी आली. तिला ऐकूं कमी येत होतें आणि तिचा स्वर दबलेला, जणूं नाक चिमटीत धरून बोलावें तसा होता. मेयरनें तिच्या तोंडांतून बोट घालून तें पडजिभेच्या मागें वर वळविलें, तों त्याला एक मऊ गोळा लागला. एवढीच ती शोधाची कथा. मग त्यानें कडीच्या आकाराची लहानशी सुरी तयार केली. ती नाकांतून आंत न्यावयाची, तोंडांतून घातलेल्या बोटानें तिला वाट दाखवावयाची, आणि गोळा खरवडून काढावयाचा. पुढें त्यानें शाळांतून मुलें तपासलीं. नाक कोंडलेलें मूल कसें दिसतें, कसें बोलतें, कसें ऐकत नाहीं, ह्याचें त्यानें चित्रच रेखाटलें. १८७० सालीं त्याचा लेख लंडनच्या वैद्यकसंस्थेच्या ग्रंथांत छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १८९८ सालीं, कोपनहेगनमध्यें त्याचें स्मारक उभें राहिलें. एका बोटाच्या शोधासाठीं पुतळा मिळालेला दुसरा मनुष्य मला तरी ठाऊक नाहीं.

ह्या शोधानंतर शाळेच्या जगांत एक नवी आशा आली. १८८७ सालीं आम्स्टरडॅमच्या ग्यूये नांवाच्या डॉक्टरनें नाक कोंडल्यामुळें मुलाचें चित्त एकाग्र होत नाहीं, असें सांगून त्या अवस्थेला स्वतंत्र नांव दिलें. १८८९ सालीं इंग्लंडांत हिल ह्यानें मुलांच्या मागासलेपणाचीं व मठ्ठपणाचीं कांहीं कारणें नाकाघशांत असतात, असा लेख लिहिला. ज्या मुलाला मास्तर ढ म्हणत होते, तें ढ नसून त्याला रात्रीं धड श्वासच मिळत नव्हता, हा विचार केवढा दयाळू होता! परंतु दयाळू विचारालाही वेड लागतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत युरोप-अमेरिकेंत ज्याच्या त्याच्या टॉन्सिल निघूं लागल्या. सर्दी झाली, काढा. वजन वाढत नाहीं, काढा. भावाच्या काढल्या, हिच्याही काढा.

१९३४ सालीं न्यूयॉर्कमध्यें प्रसिद्ध झालेली एक गणती माझ्यासारख्या अंकगणिताच्या मास्तराला फार आवडते. अकरा वर्षांचीं १००० मुलें घेतलीं. त्यांतील ६११ जणांच्या टॉन्सिल अगोदरच निघाल्या होत्या. उरलेलीं ३८९ मुलें डॉक्टरांना दाखविलीं, तेव्हां त्यांनीं १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचविली. ज्यांना 'नको' म्हटलें तीं २१५ मुलें दुसऱ्या डॉक्टरांपुढें नेलीं. त्यांनीं ९९ जणांना सुचविली. राहिलीं ११६. तीं तिसऱ्यांदा नेलीं, तेव्हां आणखी ५१ निघालीं. शेवटीं ६५ मुलें उरलीं, आणि तपासणी तेथेंच थांबली म्हणून तीं सुटलीं. दर खेपेस शेंकडा पंचेचाळीसच्या आसपास! म्हणजे डॉक्टर मुलाचा घसा पाहत नव्हते, संवय पाहत होते. चार वर्षांनीं, १९३८ सालीं, इंग्लंडांत ग्लोव्हर ह्यानें निरनिराळ्या गांवांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले. कोठें ही शस्त्रक्रिया भरमसाट होत होती, कोठें क्वचित्, आणि त्या फरकाला हवा, पाणी, दारिद्र्य ह्यांपैकीं कोणतेंही कारण लागू पडेना. लंडनजवळच्या हॉर्न्सी गांवीं शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला, तेव्हां तेथील शस्त्रक्रियांची संख्या दहाव्या हिश्श्याहूनही खालीं आली, आणि तेथील मुलांचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं. सुखवस्तु घरांतल्या मुलांवर सुरी अधिक चालते, हेंही त्याच्या ध्यानांत आलें होतें.

आतां त्या दुसऱ्या डॉक्टरकडे वळूं. जॉन लँग्डन डाऊन हा इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील आश्रमाचा दहा वर्षें प्रमुख होता. १८६६ सालीं त्यानें तेथील मुलांचें वर्गीकरण करणारा एक छोटा निबंध लिहिला. त्यांतील एका वर्गाला त्यानें चेहऱ्याच्या ठेवणीवरून 'मंगोल' हें नांव दिलें. नांव चुकीचें होतें आणि अपमानकारकही होतें. तें जाऊन त्या मुलांच्या स्थितीला डाऊनचेंच नांव मिळावें, अशी खटपट १९६१ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकांतून केली, आणि १९६५ सालीं खुद्द मंगोलियाच्या प्रतिनिधींनीं जागतिक आरोग्य संघटनेकडे तशी मागणी केल्यावर तें जुनें नांव मागें पडलें. पण नांवापलीकडे पाहिलें तर डाऊन हा त्या काळाच्या मानानें उदार मनाचा गृहस्थ होता. हीं मुलें हुबेहूब नक्कल करतात, विनोद जाणतात, आणि शिकविलें तर अपेक्षेहून पुष्कळ अधिक शिकतात, असें त्यानें नमूद करून ठेविलें. १८६८ सालीं त्यानें नॉर्मन्सफील्ड हें स्वतःचें निवासगृह काढलें, व १८७९ सालीं तेथें मुलांकरितां नाट्यगृह बांधलें. तें अजून उभें आहे.

ह्या डाऊननें १८६२ सालींच अशा मुलांच्या तोंडाची तपासणी करून टाळा अरुंद व उंच असतो, असें दाखवून दिलें होतें. १८६६ च्या निबंधांत जीभ लांब व जाड असल्याची नोंद आहे. आपण ह्या ओळी आज वाचतों तेव्हां चुटपुट लागते. अरुंद टाळा, चपटा चेहरा, जाड जीभ: श्वासाची वाट कोंडण्याची सगळी सामग्री तेथें मांडलेली आहे. परंतु पुढच्या पिढ्यांनीं तिचा उपयोग मूल ओळखण्याकडे केला, त्याचें दुःख ओळखण्याकडे केला नाहीं. उघडें तोंड, वाहणारें नाक, जड कान, दिवसाची सुस्ती हीं सारीं 'लक्षणें' झालीं. साध्या मुलाचें तोंड उघडें दिसलें तर 'ह्याचें नाक कोंडलें आहे, गांठ काढा' म्हणावयाचें, आणि डाऊनच्या वर्णनांतल्या मुलाचें तोंड उघडें दिसलें तर 'हें असेंच असतें' म्हणावयाचें. ज्यांना गरज नव्हती अशा हजारों मुलांच्या गांठी निघत असतां, ज्याला खरी गरज होती त्या मुलाच्या घशांत कोणी पाहूं नये, ह्याला काय म्हणावें?

१९५९ सालीं पॅरिसमध्यें लेझ्यून, गोतिए व त्युर्पें ह्यांनीं ह्या स्थितीचें मूळ दाखविलें. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, ह्या मुलांत एकविसावें एक अधिक असून तीं ४७ होतात. शोध मोठा खरा. परंतु मला वाटतें, त्यानें 'हें असेंच असतें' ह्या वाक्याला कांहीं काळ शास्त्राचें पाठबळच मिळालें. जें प्रत्येक पेशींत लिहिलेलें आहे, तेथें घशांतली गांठ काढून काय होणार? आणि केवळ गांठींचाच प्रश्न नव्हता. १९८२ सालीं अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत असें एक नवजात बालक, अन्ननलिकेच्या दोषावर शस्त्रक्रिया होऊं शकत असतांही, ती न करतां मरूं दिलें गेलें, आणि न्यायालयानें आईबापांच्या निर्णयांत हात घातला नाहीं. त्यावर इतका क्षोभ झाला कीं दोन वर्षांनीं कायदा करावा लागला.

बदल आला तो झोपेच्या बाजूनें. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें गिलेमिनो ह्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं आठ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. तीं रात्रीं घोरत, मध्येंच त्यांचा श्वास थांबे, दचकून पुन्हां चालू होई, आणि हें रात्रभर चाले. झोपेंतल्या श्वासाचें मापन करण्याची रीत आल्यावर डाऊन सिंड्रोम असलेलीं मुलेंही तपासलीं जाऊं लागलीं. १९९१ सालीं अमेरिकेंत अशा ५३ मुलांचा अभ्यास छापला गेला. ज्यांच्याविषयीं घरांत कोणाला शंकाही नव्हती, अशा मुलांचाही श्वास झोपेंत अडत असल्याचें त्यांत दिसून आलें. आईबाप खोटें बोलत नव्हते. जें रोज ऐकूं येतें तें त्यांना ऐकूं येईनासें झालें होतें. म्हणूनच २०११ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें ठरविलें कीं, मूल घोरत असो वा नसो, चार वर्षांचें होण्यापूर्वीं अशा प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी व्हावी.

कारण उघड आहे. ह्या मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, स्नायू सैल, जीभ जागेच्या मानानें मोठी. तेथें साधारण आकाराच्या टॉन्सिलही दार अडवितात. रात्रीं रक्तांतला प्राणवायु वरचेवर उतरतो आणि त्याचा भार हृदयावर व फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर पडतो. त्यांतील निम्म्याच्या आसपास मुलांच्या हृदयांत जन्मतःच दोष असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या रात्रींचें मोल कळतें. म्हणून येथें शस्त्रक्रिया चैनीची नव्हे. पण ती सोपीही नव्हे. मानेचे वरचे मणके सैल असण्याचा संभव असल्यानें भुलेच्या वेळीं मान फार मागें वांकवावयाची नसते. श्वासनळी अरुंद, म्हणून तींत घालावयाची नळी वयाच्या मानानें लहान लागते. आणि दुसरीं मुलें संध्याकाळीं घरीं जातात, तर ह्यांना निदान एक रात्र देखरेखीखालीं ठेवावें लागतें. इतकें करूनही अडथळा सगळ्यांचा जात नाहीं. पुष्कळांचा उरतो, कारण जिभेच्या मुळाशीं अडचण असते किंवा स्नायूच सैल असतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पुन्हां झोपेची तपासणी करावी लागते, आणि कांहींना रात्रीं मुखवट्यांतून हवा देणारें यंत्र लावावें लागतें.

माझ्या शेजारीं असा एक मुलगा आहे, आठ वर्षांचा. तो मांडी घालून, पुढें वांकून, कपाळ गादीला टेकवून झोपे. "काका, ह्याची झोपायची तऱ्हाच निराळी," असें त्याची आई कौतुकानें सांगे, आणि मीही तें कौतुकानें ऐकत असें. श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून त्याच्या शरीरानें शोधून काढलेली ती युक्ति होती, हें आम्हां दोघांनाही एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें. गेल्या वर्षीं त्याच्या टॉन्सिल व अॅडिनॉइड काढल्या. कानांत सांचलेलें पाणीही त्याच वेळीं काढलें. आतां तो आडवा झोपतो. श्वास अडणें कमी झालें, पुरतें गेलें नाहीं, म्हणून रात्रीं यंत्र लागतें. पहिले पंधरा दिवस त्यानें तो मुखवटा रोज खिडकींतून खालीं टाकला, आणि तो मीं जिन्यावरून वर आणून दिला. आतां टाकत नाहीं. मात्र स्वतः लावण्यापूर्वीं तो आधीं आपल्या आजोबांच्या तोंडाला लावून पाहतो, आणि ते घोरण्याची नक्कल करीपर्यंत सोडत नाहीं.