शनिवारनंतरचा रविवार

शनिवार, 30 जून 1860. ऑक्सफर्डच्या नव्या संग्रहालयाचा जिना चढताना लोकलमध्ये शिरायची तुमची सवय कामी येते. व्याख्यानाची ठरलेली खोली अपुरी पडली, म्हणून विज्ञान परिषदेची ही सभा वरच्या लांबट दालनात हलवली आहे. पुढे इथे ग्रंथालय व्हायचं आहे. इमारत अजून पुरती झालेली नाही, खांबांच्या माथ्यांवर पानंफुलं कोरायचं काम अर्धवट आहे. जमलेल्या सातशेहून अधिक माणसांपैकी कितीजणांना आठवत असेल कोण जाणे, पण विज्ञानासाठी उभारलेल्या या वास्तूच्या खर्चाचा मोठा वाटा विद्यापीठाच्या छापखान्याने बायबलं विकून मिळवलेल्या नफ्यातून आला आहे. हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढच्या काही तासांत ते सहज विसरायला होईल.

खिडकीच्या बाजूला सरका. उकाडा आहे आणि तिथे निदान वारा लागतो. खिडक्यांशी बायका बसल्या आहेत, मधोमध काळ्या झग्यांतल्या पाद्र्यांचा गठ्ठा, मागे गोंगाट करायला आलेले विद्यार्थी. अध्यक्षांच्या खुर्चीवर जॉन हेन्स्लो, तोही पाद्रीच. केंब्रिजमध्ये डार्विनला वनस्पतिशास्त्राची गोडी लावणारा आणि बीगल जहाजासाठी त्याचं नाव सुचवणारा हाच. डार्विन स्वतः आलेला नाही. पोटाच्या जुन्या दुखण्यापायी तो रिचमंडजवळ जलोपचार घेत पडला आहे. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक बाहेर पडून सात महिने झालेत.

न्यूयॉर्कहून आलेले प्राध्यापक ड्रेपर युरोपच्या बौद्धिक विकासावर निबंध वाचतात. वाचतात, आणि वाचतच राहतात. तुम्हाला डुलकी लागते. जाग येते ती खडूच्या आवाजाने. कुणी एक गृहस्थ फळ्यावर दोन ठिपके काढून हा माणूस आणि हे माकड असं समजावू पाहतो, आणि त्याच्या उच्चाराची नक्कल करत विद्यार्थी त्याला खाली बसवतात.

मग ऑक्सफर्डचा बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स उठतो. माघारी त्याला ‘साबणी सॅम’ म्हणतात. बोलणं तितकं गुळगुळीत. पण त्याला अडाणी धर्मगुरू समजू नका. तो रॉयल सोसायटीचा फेलो आहे, पुस्तक त्याने ओळनओळ वाचलंय, आणि त्याने लिहिलेलं परीक्षण लवकरच छापून येईल. ते वाचून खुद्द डार्विन मान्य करेल की लिखाण हुशारीचं आहे, नेमक्या कच्च्या जागा त्याने हेरल्यात. आज मात्र बिशपला टाळीचा मोह आवरत नाही. डार्विनची बाजू घेणाऱ्या हक्स्लीकडे वळून तो त्याच्या आजोबा-आजीच्या बाजूने येणाऱ्या माकडाबद्दल काहीतरी बोलतो. हक्स्ली उठतो. बुद्धीचा असा वापर करणाऱ्या माणसापेक्षा माकडाशी नातं पत्करेन, अशा अर्थाचं काहीसं म्हणतो. नेमके शब्द कुणीच टिपून घेतलेले नाहीत. तुम्ही तिथे असूनही तुम्हाला ते धड ऐकू येत नाहीत, कारण हक्स्लीचा आवाज पोचत नाही आणि खिडकीतले पांढरे रुमाल बिशपसाठी फडफडून नुकतेच कुठे थांबलेत. एक बाई भोवळ येऊन पडते.

गर्दीत नौदलाचा एक अधिकारी बायबल उंच धरून उभा राहतो. त्याच्याकडे नीट बघा. हा रॉबर्ट फिट्झरॉय, बीगलचा कप्तान. डार्विनला पाच वर्षं जगभर फिरवून आणल्याचं त्याच्या मनाला लागलंय. ऑक्सफर्डला मात्र तो आलाय वादळांवरचा निबंध घेऊन, आणि पुढच्याच वर्षी वर्तमानपत्रांतून हवामानाचे अंदाज द्यायला सुरुवात करणारा माणूसही हाच. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात वायुभारमापक असलेल्या या माणसाला कुठल्या बाजूला बसवायचं?

‘धर्म विरुद्ध विज्ञान’ या युद्धकथेची सुरुवात ह्या दुपारपासून सांगायची पद्धत पडली. ती कथा लोकप्रिय करणारं एक पुस्तक 1874 साली येईल, आणि त्याचा लेखक असेल तोच ड्रेपर, ज्याच्या निबंधाने तुम्हाला मघाशी झोप आली. माझं मत विचाराल तर युद्ध त्या दालनात कमी झालं आणि त्याच्या आठवणींत जास्त. शिवाय आठवणी लिहिणाऱ्यांनी शनिवार लिहिला. रविवार कुणाला फारसा आठवला नाही.

म्हणून रात्री ऑक्सफर्डलाच मुक्काम करा.

सकाळी हाय स्ट्रीटवरच्या सेंट मेरी चर्चमध्ये या. एका खांबाला खाच पाडलेली दिसेल. आर्चबिशप क्रॅनमरला जाळण्याआधी इथे मंचावर उभं केलं, त्या मंचासाठी ती पाडली असं सांगतात. मतभेदाची शिक्षा या गावाला नवी नाही. आज व्यासपीठावर आहे फ्रेडरिक टेंपल, रग्बी शाळेचा मुख्याध्यापक. तरुणपणी नांगर धरलेला, अंगापिंडाने दणकट, बोलण्यात गावरान हेल. कालच्या सभेसाठी आलेली विज्ञानातली मंडळी बाकांवर बसली आहेत. टेंपल सांगतो ते थोडक्यात असं: विज्ञानाला जिथे उत्तर सापडलेलं नाही तिथे देव शोधायला जाऊ नका. त्या फटी उद्या बुजतील आणि देवाला दर वेळी मागे सरकावं लागेल. देवाचं बोट दिसायचं तर नियमांतच दिसेल.

तुम्ही आजूबाजूला पाहता. कुणी रुमाल फडकवत नाही, कुणी बेशुद्ध पडत नाही. बातमी होण्यासारखं इथे काहीच नाही.

टेंपलला असं बोलणं स्वस्तात पडणार नाही. मार्चमध्ये ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या निबंधसंग्रहात त्याने लिहिलं आहे आणि पुढे सातही लेखकांवर गदारोळ उठेल. त्याच संग्रहात डार्विनच्या पुस्तकाची उघड स्तुती करणारा बेडन पॉवेल, हाही पाद्री आणि ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक, तीनच आठवड्यांपूर्वी वारला. शनिवारच्या सभेत तो हवा होता.

आता सहा आठवडे मागे चला, केंट परगण्यातल्या डाऊन गावी. 22 मे. डार्विन अमेरिकेतल्या एसा ग्रेला पत्र लिहितो आहे. ग्रे हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ, पक्का प्रेस्बिटेरियन आणि अमेरिकेत डार्विनचा सर्वांत खंबीर वकील. या पत्रात बायबलच्या ‘उत्पत्ति’मधल्या सहा दिवसांचा वाद नाही. तो इथे कुणालाच छळत नाही; पृथ्वी फार जुनी आहे हे इंग्लंडच्या भूशास्त्रज्ञ पाद्र्यांनी केव्हाच पचवलं आहे. डार्विनला छळतात त्या इक्न्युमॉन माश्या, गांधीलमाशीच्या भाऊबंद. त्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खात वाढतात. दयाळू, सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम योजलं असेल असं त्याला स्वतःला पटवता येत नाही. त्याच वेळी हे सगळं विश्व, विशेषतः माणसाचा स्वभाव, निव्वळ आंधळ्या जोराने झालं हेही पटत नाही. त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी जाऊन नऊ वर्षं झाली आहेत. पत्रात तिचं नाव नाही.

ग्रेचं उत्तर असं की जीवांत होणारे बदल देव हितकर दिशांनी वळवत असावा. नैसर्गिक निवड आणि ईश्वरी योजना यांत विरोध नाही असं मांडणारे त्याचे लेख डार्विन स्वतःचे पैसे घालून लंडनमध्ये पुस्तिकेच्या रूपाने वाटतो. आणि 1868 मध्ये, पाळीव प्राणी व वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस, तेच म्हणणं आदराने पण ठाम नाकारतो. मैत्री टिकते. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. आपल्याला न पटणारा युक्तिवाद पदरमोड करून छापणारे लोक आपल्याकडेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील.

26 एप्रिल 1882, वेस्टमिन्स्टर ॲबी. डार्विनची शवपेटी आत येते आहे. पेटीच्या सोबतीला मान मिळालेल्यांत हक्स्ली आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर आहे, निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस आहे, आणि चर्चचा एक कॅनन आहे, फ्रेडरिक फरार. त्याचा जन्म 1831 मध्ये मुंबईत झाला; वडील चर्च मिशनरी सोसायटीचे, नाशिकला काम केलेले. डार्विनने त्याचं नाव रॉयल सोसायटीसाठी सुचवलं होतं, भाषाशास्त्रातल्या कामाबद्दल. त्या शनिवारी फरारही दालनात होता. कित्येक वर्षांनी तो लिहील की बिशप उद्धट नव्हता, उथळ होता. त्याला गाठून नाशिकची आठवण विचारावीशी वाटते, पण आज वेळ नाही.

शेवटचा टप्पा, 1884. पुन्हा सेंट मेरी, पुन्हा टेंपल. आता तो एक्झेटरचा बिशप आहे. 1869 मध्ये त्या नेमणुकीवर काहूर उठलं होतं. पुढे तोच कँटरबरीचा आर्चबिशप होणार आहे. बँप्टन व्याख्यानमालेत तो आठ प्रवचनं देतो आहे आणि उत्क्रांती जवळजवळ गृहीत धरतो आहे. वस्तू एकेक घडवण्यापेक्षा त्या आपसूक घडतील अशी सोय करणं हे देवाला जास्त शोभतं, असा त्याचा रोख. बाकांवरच्या माना संथपणे हलतात. चोवीस वर्षांपूर्वी ज्याने भोवळ येत होती, ते आता प्रवचनात निवांत ऐकलं जातं.

मग तो दुःखाकडे वळतो. जगायला लायक तेच टिकतं याचाच अर्थ जगातल्या वेदना हळूहळू कमी होत जातात आणि आनंद वाढतो, असा त्याचा हिशेब आहे. तुम्हाला डाऊनचं पत्र आठवतं आणि सुरवंटाच्या वतीने एक प्रश्न विचारावासा वाटतो. पण हे प्रवचन आहे. मध्येच हात वर करायची इथे रीत नाही, आणि टेंपल पुढच्या मुद्द्यावर गेलासुद्धा.