आरोग्यमाता: लिस्बनपासून शिवाजीनगरापर्यंत

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या सेंट मेरी बॅसिलिकाचं नाव महाराष्ट्रात पोचलं ते २०२५च्या सप्टेंबरात, एका वादामुळे. तिथल्या नव्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव द्यायची शिफारस करू, असं कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी यात्रेच्या दिवशी सांगितलं आणि आपल्याकडून त्याला जोरदार विरोध झाला. त्या वादात मला इथे शिरायचं नाही. ज्या यात्रेत ते बोललं गेलं, ती यात्रा मात्र नीट पाहावी अशी आहे.

२९ ऑगस्टला झेंडा चढतो. नऊ दिवस प्रार्थना चालतात आणि ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, तिची मूर्ती रथातून निघते. मूर्तीला साडी नेसवलेली असते, गळ्यात हार असतात. अनेक जण भगवी वस्त्रं घालून येतात. गर्दीत ख्रिस्ती असतात तसेच हिंदू असतात, मुसलमानही असतात. कुणाच्या कडेवर आजारी मूल असतं, कुणाच्या हातात मेणबत्त्या. ही सगळी माणसं आली आहेत ती आरोग्यमातेकडे. येशूच्या आईकडे आरोग्याचं खातं आलं कसं, याचा माग काढत गेलं की वाट थेट पोर्तुगालला जाते आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर साथीचा रोग उभा असतो.

१५६९ साली लिस्बन शहरात प्लेगने हाहाकार माजवला. साथ ओसरल्यावर, १५७० साली, वाचलेल्या लोकांनी आरोग्यमातेची मिरवणूक काढली, आणि ती प्रथा लिस्बनने पुढे चालू ठेवली. १६३० साली व्हेनिसवर तीच पाळी आली. माणसं पटापट मरत असताना तिथल्या राज्यकर्त्यांनी नवस बोलला, की शहर वाचलं तर मरियेसाठी देऊळ बांधू. शहर वाचलं, पण साधारण तिसरा हिस्सा माणसं गमावून. ‘सांता मारिया देल्ला सालूते’ हे देऊळ उभं राहून त्याचा अभिषेक व्हायला १६८७ साल उजाडलं. नवस बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पुरं झालेलं पाहिलंच नसणार. दर २१ नोव्हेंबरला व्हेनिसकर अजून तिथे मेणबत्ती लावायला जातात.

पोर्तुगीज जहाजांबरोबर ही भक्ती गोव्यात उतरली. सांकवाळला आरोग्यमातेचं चर्च होतं. ते जळालं, त्याची कोरीव दर्शनी भिंत तेवढी अजून उभी आहे. तमिळ किनाऱ्यावर वेलांकणीला तिचं सर्वांत मोठं ठाणं झालं. तिथे तीन कथा सांगतात: दूध नेणारा पोरगा, ताक विकणारा पांगळा मुलगा, आणि वादळात सापडून ८ सप्टेंबरला किनाऱ्याला लागलेले पोर्तुगीज खलाशी. या कथांत मरिया राजवाड्यात किंवा विद्वानांपुढे प्रकट होत नाही. ती भेटते ती ताक विकणाऱ्या पोराला, आणि तो पांगळा पोरगा तिचा निरोप घेऊन धावत सुटतो.

बंगळूरची गोष्टही तमिळ माणसांपासूनच सुरू होते. जिंजीकडून आलेल्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबांनी इथे गवताने शाकारलेलं एक प्रार्थनाघर बांधलं, ‘काणिक्कै मादा’ नावाचं. मराठी वाचकाला जिंजी वेगळी सांगायला नको. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर या विखुरलेल्या कळपाकडे एक फ्रेंच पाद्री आला, आबे द्युब्वा. हिंदू रीतिरिवाजांवरच्या ग्रंथामुळे इतिहासकार त्याला ओळखतात. तो या मातीतलेच कपडे घाले, देशी रीतीने राही. मला तो आठवतो तो दुसऱ्याच कामासाठी.

देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती १८०२च्या जूनमध्ये मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव पुढच्याच्या दंडात, त्याच्यातला त्याच्या पुढच्याच्या, अशी ती लस हातोहात देशभर गेली. शीतपेट्या नव्हत्या, माणसांचे दंड हेच तिचं वाहन होतं. म्हैसूर संस्थानात तिचा प्रसार ज्यांनी केला त्यांत द्युब्वा पुढे होता. १८०३-०४ या काळात त्याच्या देखरेखीखाली पंचवीस हजारांहून अधिक लोकांना देवी टोचल्याची नोंद आहे. देवी हा दैवी कोप आहे असं मानणाऱ्या खेड्यांत जाऊन, पोरांचे दंड पुढे करायला आईबापांना तयार करणं, हे काम काय असेल याची कल्पना करून पाहावी. आणि याच पाद्र्याने याच सुमारास शिवाजीनगरच्या जागी, तेव्हाच्या ब्लॅकपल्लीत, छोटं चर्च बांधलं. देवावर भरवसा ठेवणारा हा माणूस एका हाताने चर्च बांधत होता आणि दुसऱ्या हाताने लस टोचत होता. यात त्याला कुठे विसंगती वाटल्याचं दिसत नाही. श्रद्धा म्हणजे हातावर हात धरून बसणं, असं जे कायम सांगतात त्यांनी द्युब्वाचं चरित्र वाचायला हवं.

आजची गॉथिक धाटणीची उंच इमारत नंतरची, १८८२ सालची. ती उभी राहून सोळा वर्षं होतात न होतात तोच प्लेग आला.

तो आला आपल्याकडून. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरने तो ओळखला. मार्च १८९७मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच साली पंडिता रमाबाईंनी पुण्यातल्या प्लेग बंदोबस्ताविरुद्ध, तिथे बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध, ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. रमाबाईंचा देवावरचा विश्वास किती गाढ होता हे त्यांच्या मुक्ती सदनाचं काम पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण ‘देवाची इच्छा’ म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. सरकार ख्रिस्ती राजवटीचं म्हणूनही गप्प बसल्या नाहीत.

मुंबईत बांद्रा, गिरगाव, माहीम इथल्या गावठाणांतून याच काळात रस्त्याच्या कडेला, घरांच्या अंगणात क्रूस उभे राहिले. ते बांधणारे बरेचसे ईस्ट इंडियन, म्हणजे घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती. प्लेगच्या भीतीने माणसं एकमेकांकडे जाईनाशी झाली, तेव्हा आळीतली माणसं संध्याकाळी आपल्याच क्रूसापाशी जमून लादीन ही प्रार्थना म्हणू लागली. आजही मे महिन्यात अशा क्रूसांना चुना लागतो, फुलांच्या माळा चढतात, म्हातारी माणसं पाठ असलेली लादीन म्हणतात आणि मग उकडलेले चणे वाटले जातात. खोताच्या वाडीतला क्रूस पाहायला आता पर्यटक येतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो कशासाठी उभा आहे हे माहीत असतं.

मुंबईहून प्लेग रेल्वेने दक्षिणेकडे सरकला आणि हुबळीमार्गे १८९८च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात शिरला. माणसं घरंदारं सोडून मोकळ्या रानात झोपड्यांत राहायला गेली. या शहराचा आजचा नकाशा बराचसा त्या साथीने आखला आहे. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या ऐसपैस वस्त्या त्यानंतर झपाट्याने वाढल्या. छावणीच्या बाजूला फ्रेझर टाउन वसवलं ते हवा-उजेडाची, उंदरांना थारा न देणारी घरं हवीत या हेतूने. त्याच शहरात प्लेगम्माची, म्हणजे प्लेगच्या देवीची, देवळंही झाली, ती अजून आहेत. आणि त्याच दिवसांत ब्लॅकपल्लीच्या मरियेपुढे सगळ्या जातिधर्मांच्या माणसांनी पदर पसरला, तिने राखलं, आणि ती इथली आरोग्यमाता झाली, असं भाविक सांगतात. गर्दीत इतक्या धर्मांची माणसं का, याचं उत्तर इथे आहे. प्लेगने धर्म विचारला नव्हता.

या सगळ्या मागोव्यात एक गोष्ट मला सोडत नाही. नवस फेडायला येतो तो वाचलेला माणूस. ज्यांची माणसं गेली त्यांचं काय? लिस्बनपासून बंगळूरपर्यंत दर साथीत प्रार्थना करणारेही मेले, त्यांची लेकरंही मेली. ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असं अशा घरात जाऊन सांगणं हा क्रूरपणा आहे, आणि तो अजूनही काही व्यासपीठांवरून केला जातो. बायबलमध्ये ईयोबाचे मित्र नेमकं हेच करतात. दुःखाचं खापर दुःखिताच्याच माथी फोडतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

मला वाटतं, आरोग्यमातेपुढे मूल गमावलेली बाईही का येते, याचं कारण मरियेच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. तिने आपला मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी क्रूसावर मरताना पाहिला. तिची प्रार्थना त्या शुक्रवारी फळाला आली नाही. शुभवर्तमानात त्या वेळी तिच्या तोंडी एकही शब्द नाही. ती तिथे उभी होती, असं योहान सांगतो. जिला हे ठाऊक आहे तिच्याजवळ बसून रडता येतं, तिच्यावर चिडताही येतं. पुनरुत्थानावरचा विश्वास या दुःखाला वळसा घालून पुढे जात नाही, त्याच्यातूनच जातो.

बांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे मरियेच्याच, जत्रेत, जी याच ८ सप्टेंबरच्या आसपास भरते, दुकानांत मेणाचे अवयव मांडलेले असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, दृष्टीसाठी डोळे, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर हवं तर घर. ते माउलीपुढे वाहायचे. प्रत्येक दुखण्याला तिथे आकार आहे, हातात धरता येईल असा. त्या ढिगात कोळ्यांचं मेण कोणतं, गुजराती कुटुंबाचं कोणतं आणि ख्रिस्त्यांचं कोणतं, ते सांगता येत नाही.

२०२० साली करोनामुळे ही जत्रा रद्द झाली. जिच्याकडे आजारी माणसं धाव घेतात तिचीच जत्रा साथीमुळे थांबवावी लागली, आणि चर्चने ते मानलं. घरातल्या वेदीपुढे मेणबत्ती लावून, फोनवर मिस्सा ऐकत लोकांनी ते दिवस काढले. प्लेगच्या काळात आळीतल्या क्रूसापाशी जमणाऱ्यांनीही असेच दिवस काढले होते. शिवाजीनगरात बॅसिलिकापासून बाउरिंग हॉस्पिटल पायी जाण्याइतकं जवळ आहे, आणि द्युब्वाच्या वाटेने चालणाऱ्या माणसाला आजही दोन्ही ठिकाणी जावं लागतं.